आधी इंजिन, मग पाणी

४ मार्च

दादा,

फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण आधी शेवटपर्यंत वाच. चार वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, तूही मला लिहिली नाहीस. त्या बाबतीत आपण दोघं एकाच माळेचे मणी. पत्ता वहिनीच्या आईकडून घेतला. त्यांनी तीनदा विचारलं, ‘भांडायला तर लिहीत नाहीस ना?’ मी तिन्ही वेळा नाही म्हटलं.

कामाचं लिहिते. डॉक्टरांच्या बोटीचं इंजिन पुन्हा गेलं. आपले दातांचे डॉक्टर अजून तस्सेच आहेत. आठवडाभर लोकांच्या तोंडात डोकवायचं आणि बुधवारी-रविवारी सकाळी त्या बोटीत बसून जिवावर उदार व्हायचं. शर्यतीत अजून एकदाही पहिले आलेले नाहीत, पण हौसेला मोल नाही.

तर इंजिन. हे तिसरं. पहिलं तू बांधलेलं. उकरून काढायचं म्हणून लिहीत नाही, मोजायला पहिलं कुठलंतरी लागतं. दुसरं डॉक्टरांनी बाहेरच्या मोठ्या वर्कशॉपमधून बांधून आणलं, ते सव्वा वर्ष चाललं. तिसरं थेट कारखान्यातून आलेलं, खोक्यात बंद, आपल्यापैकी कोणाचाही पाना न लागलेलं. ते परवा रविवारी गेलं. धक्क्यापासून जेमतेम दोन मैलांवर. डॉक्टरांना मासेमारीच्या होडीने ओढत आणलं आणि होडीवाले वाटभर हसत होते.

तिन्ही वेळा एकच प्रकार. पूर्ण वेगात असताना पिस्टनचा कनेक्टिंग रॉड तुटतो आणि इंजिनाची कूस फाडून बाहेर येतो. आणि तिन्ही वेळा मागच्याच जोडीत. आधी सातव्या सिलिंडरचा, मग आठव्याचा, आता परत सातव्याचा. पुढच्या सहांना काही म्हणता काही होत नाही. तीन वेगळे कारागीर, तीन वेगळी इंजिनं, आणि मोडतं ते त्याच जागी. तुला यातून काय दिसतं? मला एवढंच दिसतं, की पहिल्या वेळी आपण सगळे जे धरून बसलो ते बहुतेक खरं नव्हतं.

हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले.

या वेळी कोणाला लागलं नाही. बाबा आता बोटीत बसत नाहीत. बरे आहेत. डाव्या हाताची भाजलेली कातडी थंडीत ओढते, मग शर्टाची बटणं लावून घ्यायला माझ्याकडे येतात आणि जणू काजं मीच लहान ठेवली आहेत असं माझ्यावर ओरडतात. हे पत्र त्यांना माहीत नाही.

मला फक्त सल्ला हवाय. तू गेल्यापासून इंजिनांचं मीच बघते. बरंच शिकले, पण हे माझ्या आवाक्याबाहेरचं आहे. डॉक्टर म्हणतात, चौथं मागवू. मी म्हटलं, कारण कळल्याशिवाय चौथं आणलंत तर मी शेडचं दार उघडणार नाही. ते घाबरले. दातांचे डॉक्टर असून लवकर घाबरतात.

तुझ्या ठकीबद्दल काही विचारायचं नाही असं ठरवून लिहायला बसले होते. पाचवं लागलं असेल. एवढंच.

तुझी बहीण


१३ मार्च

दादा,

कार्ड मिळालं. दोन ओळी! ‘इंजिनाचं मी आता काही सांगत नाही. कपड्यांच्या कारखान्यात शिलाई यंत्रं दुरुस्त करतो.’ तुझं अक्षर बघून आधी बरं वाटलं, मग राग आला, मग मी बाहेर जाऊन तोंड धुऊन आले, कारण शेडमध्ये डॉक्टर होते.

शिलाई यंत्रं. ज्याने बोटीचं इंजिन डोळे मिटून, नुसत्या आवाजावरून ओळखायचं, त्याने असं यंत्र शोधून काढलं की बिघडलंच तर फार तर सुई टोचेल. तू ते का शोधलंस हे न कळण्याएवढी मी खुळी नाही.

बरं, सांगू नकोस. मी सांगते, तू वाच.

सगळ्यात आधी पेट्रोल पाहिलं. नळी, फिल्टर, टाकीचं हवेचं भोक, सगळं साफ. मग तेल. पंप नवा, दाब बरोबर. मग बोटीचा पाण्यातला पंखा, तो इंजिनाला जड होतोय का म्हणून. दोन वेगळे लावून झाले होते, म्हणजे तो सुटला. मग डॉक्टर स्वतःच गुन्हेगार म्हणून पुढे आले. म्हणाले, ‘बोट लाटेवरून हवेत उडते ना, तेव्हा मी थ्रॉटल सोडायला उशीर करतो. पंखा मोकळा फिरतो, इंजिन पळत सुटतं. माझंच पाप आहे.’ एवढा रडवेला चेहरा केला की मला त्यांची कीव आली. पण बोटीत यंत्राने फेऱ्यांची नोंद ठेवलेली असते. ती काढून पाहिली. डॉक्टर निर्दोष. त्यांना केवढा आनंद झाला, सगळ्यांना चहा पाजला.

मग त्यांनी एक भारी गोष्ट केली. दवाखान्यातून तोंडात घालायचा छोटा आरसा आणला, कपाळावर दिवा लावला आणि मागच्या सिलिंडरचे प्लग काढून भोकातून आत बघायला लागले. इंजिनाला म्हणतात, ‘जरा मोठा आ करा.’ बाबासुद्धा हसले. आठव्यात बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, ‘इथे कीड आहे.’ मी पाहिलं. सिलिंडरच्या भिंतीवर गंजाची बारीक रेघ होती. मी म्हटलं, समुद्राची हवा आहे, असायचंच.

ते गेल्यावर मी माळ्यावर चढले. तुझ्या इंजिनाचे तुकडे ज्या खोक्यात भरले होते ते खोकं खाली काढलं. चार वर्षांत त्याला कोणी हात लावला नव्हता, चिकटपट्टीसुद्धा तशीच.

दादा, नीट वाच. सातव्याचा तुटलेला रॉड त्यात आहे. त्याचे खालचे दोन्ही बोल्ट जागच्या जागी आहेत. तू कसून झाल्यावर बोल्टावरून रॉडवर पांढऱ्या रंगाची रेघ ओढायचास ना, बोल्ट हलला तर रेघ मोडेल म्हणून? दोन्ही रेघा सरळ आहेत. रॉड बोल्टापाशी सुटलेलाच नाही. मधोमध तुटलाय. त्या दिवशी हे कोणी उलटून पाहिलंच नाही. बाबांच्या हातावर उकळतं तेल उडालेलं, सगळा धक्का गोळा झालेला, आणि बाबा तुला म्हणाले, ‘पोरगी झाल्यापासून तुझं चित्त ठिकाणावर नाही. बोल्ट कसायचा विसरलास.’ आणि मी, बाबांच्या हाताला ओलं फडकं धरून, सगळ्यांसमोर तुला विचारलं, ‘दादा, आठव ना, कसला होतास का?’

तू आठवायला लागलास. तुझा तो चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

आणखी एक. शेजारचा, आठव्याचा रॉड तुटलेला नाही, पण मी तो काचेवर आडवा ठेवून पाहिला. केसभर वाकलाय. इंजिन फुटायच्या आधी कशानेतरी तो दाबलाय. बोटीतल्या कुठल्याही गोष्टीत एवढा जोर नसतो असं मला वाटत होतं. तुला काय वाटतं? बघ, आता तरी सांग.

बहीण


२२ मार्च

दादा,

पूर्ण पानभर पत्र! मी ते शेडमध्ये उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं.

तू लिहितोस, ‘रेघ ओढली म्हणजे बोल्ट कसलाच होता असं नाही. त्या दिवसांत मी जेमतेम तीन तास झोपत होतो. सवयीने रेघ ओढली असेन. तो बोल्ट कसल्याचं मला आठवत नाही. चार वर्षं आठवतोय.’ असं लिहू नकोस रे. सैल बोल्ट असता तर रॉड बोल्टापाशी सुटला असता, मध्ये तुटला नसता. हे तूच मला शिकवलंस. दुसऱ्या कोणाच्या इंजिनाबद्दल मी हे विचारलं असतं तर तू मला वेडगळ म्हणाला असतास. स्वतःचं इंजिन आलं की तू आंधळा होतोस.

पण तू प्रश्न विचारलेस, म्हणजे कुठेतरी मनाने कामाला लागलास. त्याचा मला इतका आनंद झाला की मी बाबांना उगाचच दोनदा चहा दिला.

उत्तरं देते. पहिला प्रश्न: काही दिवस उभी राहिल्यावर बोट सुरू करताना पहिल्या झटक्याला इंजिन अडल्यासारखं होऊन ‘ठक्’ असा आवाज येतो का? येतो. नेहमी नाही, पाचात एकदा. आम्हाला वाटलं स्टार्टर दमलाय. दोन स्टार्टर आणि तीन बॅटऱ्या बदलल्या. दुसऱ्या झटक्याला चालू होतं, म्हणून कोणी फार मनावर घेतलं नाही.

दुसरा प्रश्न: तेल कधी दुधाळ दिसलं का? हो. थोडं. दर दोन फेऱ्यांनी तेल बदलतो, त्यामुळे फार दुधाळ व्हायला वेळच मिळत नाही.

तिसऱ्या प्रश्नाचं नंतर लिहिते. आज बाबांना हाताच्या डॉक्टरांकडे न्यायचंय आणि उशीर होतोय.

वहिनीला सांग, तिची आई बरी आहे, गुडघे सोडून. ठकीचे दोन पुढचे दात पडायला आले असतील असं आपले डॉक्टर म्हणत होते. मी म्हटलं, अजून वेळ आहे हो. त्यांना दात सोडून दुसरं काही सुचत नाही.

बहीण


२ एप्रिल

दादा,

बाबांना कुठल्याही डॉक्टरांकडे न्यायचं नव्हतं त्या दिवशी. खोटं लिहिलं.

तुझा तिसरा प्रश्न होता, ‘फेरीनंतर इंजिन गोड्या पाण्याने कोण धुतं, आणि कसं?’ अकरा दिवस मी तो प्रश्न खिशात घेऊन फिरले. आज सगळं लिहिते. मधे थांबले तर परत लिहिणार नाही, म्हणून खाडाखोड असेल ती चालवून घे.

धुते मीच. तू असल्यापासून मीच. खाऱ्या पाण्यात धावून आलेलं इंजिन आतून गोड्या पाण्याने धुवायचं, नाहीतर मीठ खातं, हे काम तू मला सोपवलं होतंस आणि नियम शेडच्या भिंतीवर तुझ्याच हाताने लाल रंगात लिहिला होतास: आधी इंजिन, मग पाणी. आधी पाणी बंद, मग इंजिन. अजून तसाच आहे. का, ते तेव्हा तू सांगितलं होतंस, मी अर्धवट ऐकलं होतं. इंजिन चालू असेल तर धूर पाण्याला एक्झॉस्टमधून, म्हणजे धुराच्या नळीतून, बाहेर ढकलतो. इंजिन बंद असेल तर ढकलायला कोणी नाही. पाणी साचतं आणि मागे फिरतं.

आता ते दिवस आठव. ठकी चार महिन्यांची होती. रात्रंदिवस रडायची. वहिनीच्या डोळ्यांखाली काळं झालेलं, तू उभ्या उभ्या पेंगायचास. ठकी झोपायची ती फक्त दुपारी, दोन ते साडेतीन, शेडच्या वरच्या तुमच्या खोलीत. आणि माझी इंजिन धुवायची वेळ नेमकी तीच. आठ सिलिंडरचं ते इंजिन खाली सुरू झालं की वरच्या खोलीतली भांडी हलायची. पहिल्या दिवशी मी ते सुरू केलं आणि ठकी अशी किंचाळून उठली, की वहिनी जिन्यात येऊन नुसती उभी राहिली. बोलली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या खेपेपासून मी इंजिन सुरू केलंच नाही. नळी जोडायची, पाणी सोडायचं, बारा मिनिटं मोजायची, बंद करायचं. पाणी आतून फिरलं की मीठ गेलं, असं मला वाटलं. कोणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं ते मला वाटलंच नाही. मी चपला काढून, नळीखाली गोणपाट टाकून काम करायचे. वर ठकी झोपलेली असायची आणि मला वाटायचं, आज मी या घरासाठी काहीतरी केलं. मला स्वतःचं मूल नाही, दादा. त्या बारा मिनिटांत मी वरच्या शांततेकडे कान देऊन उभी असायचे, आणि सुखात असायचे. हे आधी कोणाला सांगितलेलं नाही.

तुम्ही गेल्यावर बाबा दुपारी झोपायला लागले. हात दुखायचा, झोप म्हणजे नशीबच. मी तशीच धूत राहिले. मग सवयच झाली. माणसं बदलली, इंजिनं बदलली, धुणारी तीच.

परवा बाबा बाहेर गेले असताना डॉक्टरांचा आरसा मागून आणला आणि परीक्षा घेतली. तिसऱ्या इंजिनाचा सातवा फुटलेलाच आहे, म्हणून आठव्याचा प्लग काढला. नेहमीसारखी नळी लावली, इंजिन बंद ठेवून पाणी सोडलं. सात मिनिटं काही नाही. आठव्या मिनिटाला आरशात चकाकलं. पाणी. एक्झॉस्टमधून उलटं, उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हमधून आत. बोट ट्रॉलीवर मागे कललेली असते, म्हणून मागची जोडी सगळ्यात खाली. व्हॉल्व्ह दर वेळी उघडाच राहतो असं नाही, म्हणून पाचात एकदा. पुढचं तुला सांगायला नको. पाणी दाबलं जात नाही. पहिल्या झटक्याला पिस्टन त्यावर आपटतो, तो ‘ठक्’, आणि रॉड केसभर वाकतो. मग तो वाकलेला रॉड महिना, दोन महिने, वर्ष, जमेल तितका पळतो, आणि एके दिवशी पूर्ण वेगात तुटतो.

मी नळी काढून गुंडाळून ठेवली.

तुझा बोल्ट कसलेला होता. सगळे बोल्ट कसलेले होते. तुझ्या हातून काहीही चुकलं नाही. हे वाक्य तू हवं तर कापून कामावर नेऊन भिंतीला लाव. बाबांचा हात माझ्यामुळे भाजला, आणि मीच तो हात धरून तुला विचारलं की तू बोल्ट कसलास का. तू चार वर्षं जे ओझं वाहतोयस ते माझं आहे. परत दे.

बाबांना अजून सांगितलेलं नाही. आधी तुला सांगायचं होतं. आणि एक ठरवलंय, यापुढे मी इंजिनाला हात लावणार नाही. डॉक्टरांना सांगेन, दुसरं कोणी बघा. माफ कर असं लिहिणार होते, पण तेवढ्याने भागेल असं मला वाटत नाही.

तुझी


११ एप्रिल

दादा,

तुझं उत्तर नाही. मी रोज फाटकापाशी जाते आणि पोस्टमन आता मला बघून लांबूनच हात हलवतो. लिहावंसं वाटत नसेल तर नको लिहू. मी मात्र लिहिणार, कारण बाबांना सांगितलं आणि ते तुला कळायला हवं.

दुपारी चहा ठेवला आणि उभ्यानेच सगळं बोलून टाकलं. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी विचारलं, ‘किती मिनिटं पाणी सोडायचीस?’

‘बारा.’

‘दर खेपेला?’

‘हो.’

मग उठून बाहेर गेले आणि रंग द्यायला उलटी घातलेली होडी आहे ना, तिच्यावर जाऊन बसले. तासभराने मी गेले. माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘तो रॉड मी उलटून पाहिला असता तर तेव्हाच कळलं असतं. मधोमध तुटलेला रॉड. तीस वर्षं इंजिनं बघतोय मी. नवशिक्यालाही कळलं असतं.’

मी म्हटलं, ‘तुमचा हात भाजलेला होता, बाबा.’

‘हात भाजला होता, डोळे नव्हते. मला लागलं होतं, आणि मला कोणीतरी हवं होतं ज्याच्यावर ओरडता येईल. तो समोर उभा होता.’ मग म्हणाले, ‘तू पोरीची झोप मोडू नये म्हणून चुकलीस. मी कशासाठी चुकलो?’

त्यांनी त्या ओढलेल्या कातडीच्या हाताने माझ्या डोक्यावर थोपटलं. लहानपणी ताप आला की थोपटायचे तसं. मी चाळीशीला आलेली बाई, रस्त्यावरून लोक जात होते, आणि मी ढसाढसा रडले.

रात्री जेवताना विचारलं, ‘तो काय करतो तिथे?’ मी सांगितलं. ‘शिलाई यंत्रं?’ म्हणाले, आणि घास खाली ठेवला. मी म्हटलं, ‘त्याला बोलवा ना.’ तर म्हणतात, ‘कुठल्या तोंडाने?’

परवापासून त्यांचं एक नवीनच सुरू झालंय. सकाळी चांगला शर्ट घालतात, माझ्याकडून बटणं लावून घेतात, आणि बसस्टँडपर्यंत जाऊन परत येतात. विचारलं तर पाय मोकळे करायला गेलो होतो म्हणतात. काल तर तुझ्या गावच्या गाडीची वेळ मला पाठ म्हणून दाखवली, सहज बोलता बोलता.

डॉक्टरांनाही सांगितलं. ते बराच वेळ आरसा पुसत राहिले आणि म्हणाले, ‘मी गेल्या वर्षी एका माणसाचा शेजारचा चांगला दात काढला होता. तो अजून माझ्याकडेच येतो.’ मला धीर द्यायचा होता त्यांना. पण मी आता त्यांच्याकडे दात दाखवणार नाही.

बहीण


२१ एप्रिल

दादा,

तुझं पत्र काल आलं. बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं, सगळं. मधे दोनदा मी पत्र त्यांच्या हातात दिलं, तेवढं त्यांनी वाचलं, चष्मा नसताना.

तू लिहिलंस ते मी परत इथे उतरवते, कारण मला ते माझ्या अक्षरात बघायचंय. ‘तू इंजिन सुरू न करता धुतेस हे मला माहीत होतं. मी वर ठकीशेजारी पडलेलो असायचो. खालून पाण्याचा आवाज यायचा, इंजिनाचा नाही. नियम मीच लिहिलेला, तो का आहे हेही मलाच माहीत. उठून खाली यायला हवं होतं. पण ती झोपलेली होती, आणि मी दर वेळी म्हणायचो, अजून दहा मिनिटं. मग मलाही डोळा लागायचा. ते मी नंतर कधी आठवलंच नाही. बोल्टच आठवत बसलो.’

म्हणजे आपण तिघंही चुकलो. चार माणसांच्या घरात एका पोरीला झोपवायला तिघांनी मिळून तीन इंजिनं मोडली. हसू का रडू तेच कळत नाही. मी दोन्ही केलं.

ठकीने पत्र ऐकून विचारलं म्हणे, ‘मी झोपले म्हणून बोट मोडली?’ आणि तिला काय सांगायचं ते तू मला विचारतोयस. तिला सांग, नाही. सांग की आत्या म्हणते, तू फार छान झोपायचीस, आणि तुझ्या झोपण्याएवढं चांगलं काही त्या वर्षात आमच्या घरात झालं नव्हतं. बोट मोठ्यांनी मोडली.

आणि मी पाना खाली ठेवणार म्हटलं त्यावर तू जे झापलंस, ते मुकाट्याने ऐकलं. ‘मी चार वर्षं तेच करून पाहिलं. त्याने कोणाचा भाजलेला हात बरा होत नाही. तू पाना सोडलास तर मी तुझं तोंड बघणार नाही.’ ठीक आहे. नाही सोडत. कालच तुझ्या जुन्या इंजिनाचे सगळे भाग धुऊन, तेल लावून टेबलावर मांडले. सहा रॉड धडधाकट आहेत, दोन नवे लागतील, आणि फुटलेल्या कुशीला धातूचा तुकडा घालून वेल्डिंग होईल असं वेल्डर म्हणतो. डॉक्टरांनी चौथं इंजिन मागवायचं रद्द केलं. म्हणाले, आपल्याला तेच पहिलं हवंय. पण ते जोडायला मी घेणार नाही, भीतीने नाही, ते माझं नाहीच म्हणून. ज्याने मला पाना सोडू नकोस म्हणून दम भरला, त्याने आता स्वतःचा शोधावा.

हे पत्र पोस्टाने येणार नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. पाकिटावर तिकीट नाही.

आज सकाळी बाबांनी बटणं लावून घेतली, नेहमीसारखे बसस्टँडवर जायला निघाले आणि दारातून मागे वळून म्हणाले, ‘त्याला काही द्यायचं असेल तर लवकर लिही. गाडी साडेनऊला आहे.’ मी स्वयंपाकघरात उभ्याने हे लिहितेय आणि ते दर दोन मिनिटांनी घड्याळ बघून खोकतायत. काय बोलायचं ते पाठ करतायत, ओठ हलताना दिसतात. चार दिवस ऐकतेय, रोज वेगळं असतं, आणि दर वेळी अर्ध्यावर थांबतात.

तेव्हा तुला आधीच सांगून ठेवते. ते यातलं काहीही बोलू शकणार नाहीत. दारात उभे राहतील, पत्र पुढे करतील आणि म्हणतील, या बाजूला काम होतं, सहज आलो.

सात तासांच्या गाडीने कोणी सहज येत नाही, दादा. पत्र नंतर वाच. त्यांना आत घे.